विंगेतला नवरा

आमच्या वसाहतीच्या नाट्यमहोत्सवात नाटकाआधीचे सत्कारच लांबतात. सत्कार आटोपून पाहुणे निघून गेले की पहिल्या रांगेतले सोफे रिकामे होतात आणि मी कडेच्या सोफ्यावर सरकतो. तिथून विंग दिसते. काल तिथे मधुकरराव प्रॉम्प्टिंगची वही घेऊन उभे होते. रंगमंचावर त्यांची पत्नी, नलिनीताई. अलीकडे त्या घरातही विसरतात. पडदा उघडण्यापूर्वी त्यांचा आवाज कानावर आला होता, “वही मिटून ठेवा हो. उघडी दिसली की धीरच सुटतो माझा.”

दुसऱ्या अंकात त्या पत्र हातात घेऊन थांबल्या. लोकांना तो अभिनय वाटला, कुणीतरी “वा!” म्हणालं. मी सोफ्याचा हात घट्ट धरला. जुन्या संसारात आठवणी दोघांत वाटलेल्या असतात. एकाची बाजू रिकामी होत गेली, तर दुसऱ्याने किती दिवस पुरायचं?

नलिनीताई विंगेकडे वळल्या. “अहो, काय सांगत होते मी?”

“सुमनचं पत्र आलंय, ती परत येतेय,” विंगेतून उत्तर आलं. वही मिटलेलीच होती.

नाटक पुढे सरकलं. त्यातला नवरा पहिल्याच अंकात वारला होता, पण सभागृहात कुणीही हरकत घेतली नाही.

आज सकाळी मधुकरराव भाजी घेताना दिसले. सारखे खोकत होते. पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे.