फटीतला डोंगर

परब काकूंच्या भावाने ऑफिसात फोन करून “सर गेले” एवढंच सांगितलं, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की सरांना डोंगर दाखवायचा राहूनच गेला... महिना उलटला, ते मनातून जात नाही.

परब सर भांडुपच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. सांगलीकडच्या खेड्यातून बी.ए. होऊन मी नोकरीला आलो तो त्यांच्याच चाळीत, शेजारच्या खोलीत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. पण डोंगराकडे बघावं कसं, हे मला सरांनी शिकवलं. रविवारी ते आम्हा चार-पाच जणांना आरे कॉलनीत, कधी कर्जतकडे निसर्गचित्रं काढायला नेत. मग सहलींचं वेडच आलं. ऑफिसं, सोसायट्या, जो तो बस करून निघू लागला. आमच्यातही पत्ते आणि टेपरेकॉर्डर आले. “डोंगर बघायला आलात की भजी खायला रे?” सर विचारत. “तुम्ही डोंगर बघा सर, तुमची भजी आम्ही बघतो,” असं कोणीतरी म्हणे, आणि सगळ्यांत मोठ्याने सरच हसत.

पुढे अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, पाय गेला. त्याच वर्षी खिडकीसमोर चार मजली इमारत उभी राहिली आणि घरातून दिसणारा डोंगरही गेला. सर डाव्या हाताने रंगवू लागले. मागणं एकच होतं. “एकदा घेऊन चल रे मला. फोटोवरून नाही जमत. समोर पाहिजे.” सहलीच्या बसवाल्यांना मी कितीदा विचारलं; आजारी माणसाची जबाबदारी कोणी घेईना. शेवटी टेम्पो ठरवला, तर त्याच आठवड्यात दुसरा झटका आला. वाचाही गेली.

परवा काकूंना भेटायला गेलो. सरांच्या खाटेवरच बसलो. काकू सांगत होत्या, शेवटी शेवटी त्यांची मान सारखी उजवीकडे कलायची. ते मीही पाहिलं होतं. दुखण्यामुळे असेल म्हणून काकू, मी, जो येईल तो उशी लावून ती सरळ करायचा. सर डोळे मिटून घ्यायचे. डोळ्यांतून पाणी यायचं... ऐकता ऐकता मी तशी मान कलती केली. खिडकीबाहेर, इमारतीची भिंत आणि शेजारच्या छपराचा पत्रा यांच्यामधे बोटभर फट होती. फटीत डोंगर होता.

मी मान तशीच कलती ठेवली. काकू जवळ आल्या.

“मान अवघडली का रे? उशी देऊ?”