कुरुंद्याची हळू सायकल

वसमतच्या स्टँडवर एसटीच्या टपावरून माझी सायकल खाली आली, तेव्हा उतरवून घ्यायला तिघं जण पुढे झाले आणि हातात आल्यावर तिघंही ओशाळले. ती एका हाताने उचलता येत होती. कंडक्टरने तिच्याभोवती एक फेरी मारली. "म्याडम, हिला मडगार्ड न्हाई, क्यारेज न्हाई, स्टँड बी न्हाई. बाकीचं सामान मागून येऊन राहिलं का?"

मी नुसती हसले. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. परदेशातल्या एका शर्यतीत मी नाव घातलं होतं. आधी समुद्रात पोहायचं, मग तासन्‌तास सायकल, मग लांबलचक पळणं, सगळं एका दमात. पुण्यात सराव जोरात चालला होता. अडचण एकच होती, आणि ती अडीच वर्षांची होती. चिऊला आठवडाभर ठेवायचं कुणाकडे? नवरा माझ्याबरोबर येणार होता, माझ्या आईचे गुडघे नुकतेच बदललेले. राहिल्या कुरुंद्याच्या सासूबाई. त्या हो म्हणाल्या तर शर्यत, नाहीतर पुण्यातच बसायचं. फोनवर त्या नाही म्हणाल्या होत्या, म्हणून संक्रांतीनंतरची सुट्टी गाठून आम्ही समोरासमोर मनधरणी करायला निघालो होतो.

नवरा आणि चिऊ काळीपिवळीत (गावोगाव फिरणारी जीप) बसले, मी सायकलवर. वसमत मागे पडलं की दोन्ही अंगांना हळदीची रानं लागतात. पानं वाळून पिवळी पडली होती, कुठे कुठे काढणी सुरू होती आणि मधूनच शिजत्या हळदीचा उग्र, मातकट वास नाकात शिरत होता. उसाने भरलेल्या एका ट्रॅक्टरला मी मागे टाकलं, तर ड्रायव्हर ओरडला, "ताई, कोण लागलंय मागं?" मला ती शाबासकीच वाटली. खरं सांगते, त्या दिवशी माझा तोरा बघण्यासारखा होता.

घरी गरम भाकरी, सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आमटी आणि ओल्या हळदीचं लोणचं तयार होतं. तिसरी भाकरी संपल्यावर मी विषय काढला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"समदं बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पण काहून? समुद्रात काहून जायचं? तिथं पडली, बुडली, तर ह्या लेकराला मी काय सांगू?"

"पडत नाही हो आई. सवय आहे मला."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या मैदानावर बचत गटाच्या बायकांचं हळदीकुंकू होतं. वाण लुटायच्या आधी खेळ: लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि शेवटी हळू सायकल. माझ्या मोठ्या जाऊबाई सुनंदाताई अंगणवाडीत शिकवतात. त्यांनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. नियम एवढाच, की पाय टेकला की बाद आणि जी सगळ्यांत शेवटी पोचेल ती पहिली. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेघेमधलं अंतर आमच्या पुण्यातल्या बोळाच्या लांबीपेक्षाही कमी होतं. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी काय घाबरायचं? वर सासूबाईंवर छाप पडावी म्हणून मी माझे खास बूटही घातले. ते पेडलला खटकन अडकतात आणि टाच बाहेर फिरवली तरच सुटतात.

शिट्टी वाजली. पाच बायका साडीचे ओचे खोचून मुंगीच्या पावलांनी निघाल्या. माझ्या पायांना मात्र हळू जाणं माहीतच नव्हतं. एकच पेडल मारलं आणि मी अर्धं अंतर ओलांडून गेले. बायका खो-खो हसल्या. मी करकचून ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली, डुगडुगली, मी पाय टेकायला गेले, आणि पाय काही सुटेना. सगळ्या गावासमोर मी सायकलसकट उभीच्या उभी आडवी झाले. चिऊने टाळ्या वाजवल्या. "आई, पुन्ना," ती म्हणाली. मलाही इतकं हसू फुटलं, की उठता येईना.

सासूबाई आल्या. चिऊला खाली ठेवून त्यांनी हळदीचा अख्खा करंडा माझ्या सोललेल्या गुडघ्यावर उपडा केला. "हळद लागली, आता कुंकू राहिलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"पडले, आई."

"दिसलं मला."

मैदानावर सुनंदाताई अजून वाटेतच होत्या. रोज अंगणवाडीच्या पोरांची रांग पुढे घालून त्या सायकलवरून जातात, पोरांच्याच चालीने. आताही तशाच निवांत चालल्या होत्या. बाकीच्या चौघी केव्हाच बाद झाल्या होत्या.

"ती बघ," सासूबाई हळद दाबत म्हणाल्या. "शेताच्या बांधावरून सायकल नेते, पण तिची मला कधी फिकीर वाटत न्हाई. तुझी वाटते. तू सारखी घाईत." चिऊला पुन्हा कडेवर घेत त्या म्हणाल्या, "लेकरू ठेवते मी. त्याची तकलीफ नव्हतीच मला. पण तिथं अशी जा, सुनंदासारखी. समद्यांच्या मागून आली तरी चालंल. पण ये."

इतके दिवस मी समजत होते, की त्यांना चिऊला सांभाळायचं नाही. त्यांचा जीव अडकला होता माझ्यात.

वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी घेऊन, पिवळ्याजर्द गुडघ्याने मी पुण्याला परतले. गुडघ्याचा डाग लवकर गेला. गाळणी अजून आहे.

पुढे शर्यतीत लोक मला ओलांडून जात राहिले आणि मी त्यांना जाऊ दिलं. दर वेळी ती फक्कीची रेघ आठवायची. संपल्यावर पहिला फोन कुरुंद्याला लावला.

"पोचले, आई."

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "कितवी आली?"

"शेवटून तिसरी."

मग फोन हातात तसाच धरून त्या घरात हाक मारताना ऐकू आल्या, "सुनंदा, ये सुनंदा, आपल्या पोरीचा तिसरा नंबर आला बघ."