लोलक नसलेली घंटा

शाळेतली नोकरी सोडून मी बंगळुरात कोरमंगलातल्या एका कंपनीत नव्या कर्मचाऱ्यांना नियम समजावून सांगण्याच्या कामावर रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी एक पितळी लोलक माझ्या ताब्यात देण्यात आला. तो दर्शनी दालनातल्या घंटेचा होता. कंपनीचा शेअर ज्या दिवशी बाजारात येईल, त्या दिवशी ती घंटा वाजायची होती. त्याआधी चुकून वाजू नये, म्हणून लोलक काढून ठेवलेला.

दर वर्षी त्या दिवसाची रंगीत तालीम होई. फरशीवर प्रत्येकाच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती. आपापल्या पट्टीवर उभे राहायचे. संस्थापक दोरी ओढत, घंटा निःशब्द हलत राही आणि आम्ही टाळ्या वाजवत असू.

बाजारात उतरायला होणाऱ्या विलंबाचे कारण मी नव्यांच्या वर्गात असे सांगे : निर्देशांक म्हणजे निवडक कंपन्यांचा पट. त्यावर नाव चढले, की त्या पटाबरहुकूम चालणाऱ्या फंडांना तो शेअर घ्यावाच लागतो. मात्र पटावर येण्यासाठी पुरेसा आकार लागतो आणि बाजारात काही काळ हजेरी लागते. हे नियम सैल होण्याची चर्चा होती. ते होऊ द्या, आपणही आणखी मोठे होऊ, मग उतरू, असे संस्थापकांचे म्हणणे. शाळेत नावच न घातलेला विद्यार्थी गुणवत्ता यादीची काळजी करत होता.

हिशेब विभागातले अण्णा निपाणीचे. त्यांची वृद्ध आई तिकडे एकटी राही. अण्णांच्या नावे कागदोपत्री शेअर होते. कंपनी बाजारात येण्यापूर्वी नोकरी सोडली, तर ते रद्द होणार होते.

"बाई, यंदा तरी नक्की का?" तालमीनंतर ते विचारत.

"अजून नियमात बसत नाही, अण्णा."

"सरी, ठीक आहे. आईला पुढचं वर्ष सांगतो. तिच्या हजेरीचा नियमही कुणीतरी सैल करा म्हणावं."

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. नुकताच त्यांनी आईला फोन केला होता. तिने फार अदबीने विचारले होते, "आपण कोण बोलताय?"

"राजीनामा दिला," अण्णा म्हणाले. "लोलक द्या."

नियम मला तोंडपाठ होता. मी खण उघडला.

त्यांनी लोलक अडकवला आणि दोरी एकदाच ओढली. इतकी वर्षे जपलेला तो आवाज शाळा सुटल्याच्या घंटेएवढाच निघाला. मग खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. घंटा कोणी वाजवली, हे कोणी पाहिले नाही. कंपनीचा शेअर बाजारात आला का, हेही कोणी विचारले नाही. सावकाश चालत येऊन जो तो आपल्या पट्टीवर उभा राहिला आणि टाळ्या सुरू झाल्या. सर्वांची तोंडे घंटेकडे होती. घंटेपाशी आता कोणीच नव्हते.

अण्णा पिशवी घेऊन दाराशी पोचले होते. ते वळले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "स्वल्प खाली बघा."

मी पाहिले. माझे दोन्ही पाय माझ्या नावाच्या पट्टीवर नीट जुळवलेले होते, आणि तळहात चुरचुरत होते.