धुक्यात विझलेला दिवा

सावळीराम पगारे नाशिकरोडला राहायचे आणि मनमाड-इगतपुरी मालगाडी चालवायचे. माणूस शांत, पण इंजिनाच्या मोठ्या दिव्याच्या बाबतीत भारी काटेकोर. निघण्याआधी त्याची काच स्वतः पुसायचे. बायको, लताबाई, हसायची. "घरातल्या कंदिलाला कधी हात लावला नाही यांनी!"

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत, एका सकाळी निफाड सोडलं आणि दिवाच गेला. बाहेर दाट धुकं. सावळीरामांनी गाडीचा वेग पार उतरवला आणि ते सारखी शिट्टी देत राहिले.

"दादा, दिवस उजाडलाय की. आता दिव्याचं काय काम?" सहायक भिकन म्हणाला.

"आपल्याला दिसावं म्हणून नाही रे. रस्त्यावरच्याला आपण दिसावं म्हणून."

पुढं बिनफाटकाचा रस्ता रूळ ओलांडून जात होता. तिथं पोचतात तोच धुक्यातून दोन शिंगं दिसली. सावळीरामांनी ब्रेक दाबला. मागचे डबे एकमेकांवर आदळत, कुरकुरत गाडी थांबली, ती बैलांच्या नाकातली वाफ दिसेल इतक्या जवळ. टोमॅटोनं भरलेल्या बैलगाडीचं चाक रुळालगतच्या फटीत अडकलं होतं आणि एक बाई कासरा ओढत होती.

दोघं खाली उतरले. चाकाला खांदा लावला, बैलगाडी निघाली. सावळीरामांना वाटलं, आता बाई हात जोडील. पण बाई, कुसाबाई तिचं नाव, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"एवढं मोठं धूड घेऊन येता, अन् कपाळाला दिवा नाय? शिट्टी तर चहूकडून ऐकू येती. कुठून येताय ते कळायचं कसं?"

"चुकलंच, बाई," सावळीराम म्हणाले. वाटेत दिवा बिघडला, हे सांगायचं त्यांनी टाळलं.

पुढच्या स्टेशनात दिवा दुरुस्त होईपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही. उशीर का झाला म्हणून वरच्या साहेबांनी झापलं. सावळीरामांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर तो रस्ता आला की ते भर उन्हातही दिवा लावायचे. रुळालगतच्या आपल्या शेतात असली तर कुसाबाई विळा उंचावायची. ओळख एवढीच, पण ती वर्षानुवर्षं टिकली. ऐंशीनंतर तिथं फाटक आलं, फाटकवाला आला. एकदा त्याच्या हाती तिनं निरोप धाडला, "डायवरदादांना सांगा, रिटायर झाले की वैनींना घेऊन या."

शहाऐंशीत सावळीराम निवृत्त झाले आणि दोघं खरंच एसटीनं गेले. कुसाबाईनं वांग्याचं भरीत केलं होतं. लताबाईंचं आणि तिचं असं जमलं, की मधे बोलायला सावळीरामांना जागाच मिळेना. जेवून ते बांधावर लवंडले. संध्याकाळची एसटी चुकली तेव्हा कुसाबाई म्हणाली, "बरं झालं. लय घाई असती तुम्हा शहरवाल्यांना."