बावीस मजल्यांची शर्यत

नवा लॅपटॉप हाती आला की नामदेव भोईर आधी तो पालथा घालत आणि त्याच्या पोटाला तळहात लावत. स्क्रीनकडे नंतर पाहत. भाईंदरजवळच्या राई गावात त्यांनी वीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, मग मीरा रोडला लॅपटॉप दुरुस्तीचा गाळा घेतला. पद्धत बदलली नाही. "आधी तापू दे, मंग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी पत्नी विद्या इमारतींचे नकाशे काढते. नऊ वर्षांच्या खंडानंतर एका कंपनीने तिला चाचणीचं काम दिलं होतं : बावीस मजली इमारतीचा नकाशा सुधारून सोमवारी दोनपर्यंत पाठवायचा. घरचा लॅपटॉप ती फाइल उघडताच बंद पडला. शनिवारी आम्ही नामदेवदादांना घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो.

मी एक पातळ, चंदेरी लॅपटॉप निवडला. घरच्या वापरालाही शोभेल, असं म्हणालो.

"दिसतो बरा," दादा म्हणाले. "पन श्वास घ्यायला जागा न्हाय."

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. विद्याची फाइल त्यांनी आधीच त्यात घेतली होती. विक्रेता म्हणाला, "अंकल, ये अलाउड नहीं है."

"मतलब गरम होता होगा," दादा म्हणाले.

विक्रेत्याचे कान लाल झाले. त्याने स्वतःच्या हाताने पाच लॅपटॉप ओळीत मांडले, पाचांवर फाइल टाकली आणि विद्याने ती एकामागून एक उघडली. पाचही स्क्रीनवर इमारत एकेक मजला चढू लागली. गिऱ्हाइकं जमली. मिक्सर घ्यायला आलेल्या एका गुजराती बाईंनी चंदेरीची बाजू घेतली. सुरक्षारक्षक दार सोडून आत आला आणि मजले मोठ्याने मोजू लागला. चंदेरी चौदाव्यावर थांबला.

"लिफ्ट बंद हो गई," रक्षकाने जाहीर केलं.

ओळीच्या टोकाचा जाडजूड काळा लॅपटॉप घरघरत सगळ्यांत आधी बाविसाव्यावर पोहोचला. विक्रेत्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आ तो मिक्सर छे," बाई नाराजीने म्हणाल्या. दादांनी काळ्याच्या पोटाला हात लावला, दहापर्यंत मोजलं आणि पसंतीची मान डोलावली.

मी वजनाची तक्रार केली. घरी गाणी, फोटो, मुलीचा अभ्यास एवढंच तर असतं, असंही सांगितलं.

"त्याला कुठलाही चालतो," दादा म्हणाले. "वहिनींचा सगल्यात कठीन दिवस कुठला, तो धरून घ्या. बाकीचे दिवस आपोआप जातात. आनि मेमरी दुप्पट टाका, घरात पाहुने येतातच."

काळा लॅपटॉप घेतला. सोमवारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी विद्याने नकाशा पाठवला.

गुरुवारी कंपनीचा होकार आला. विद्याने पहिला फोन नामदेवदादांना केला. मी त्या वेळी शेजारच्याच खोलीत होतो.