अप्पांच्या पाठीतलं पाणी

आमचे अप्पा पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरायचे. नारळ उभा राहिला की तिथं विहीर खणायची. चाकूरकडच्या गावांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. पण एका वर्षी दुष्काळ पडला आणि खणावं तिथं खडक. अप्पा दिसले की लोक मुद्दाम टँकरच्या गप्पा काढत. मेल्यांना दुसरा विषयच नव्हता!

त्यातच अप्पांना ताप, खोकला. चार पावलं टाकली की धाप. "धूळ गेली नाकात," म्हणायचे. शेवटी मायनं त्यांना एसटीत कोंबून, मलाही बरोबर घेऊन लातूरला आणलं. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, दवाखान्याच्या पाटीला अजून रंगाचा वास येत होता. डॉक्टर पोरगेलासा. त्यानं अप्पांच्या पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं टकटक केलं. वर पोकळ वाजलं, खाली भद्द.

"फुप्फुसाभोवती पाणी झालंय, बाबा."

अप्पा भडकले. "आख्खा तालुका पालथा घातला म्या, थेंब घावला न्हाई. आन् तुला बोटानं पाणी लागलं?"

डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला, सुईनं पाणी काढू म्हणाला, तरी पटेना. पुढं वाकून बसले आणि मायला म्हणाले, "पिशवीतला नारळ काढ. फिरव पाठीवरनं."

"माझं कुंकू पुसायला निघालाव का?" माय कडाडली. "टोचा हो डॉक्टर!"

सुईतून पिवळसर पाणी बाटलीत उतरू लागलं. "एवढं?" अप्पा पुटपुटले, आणि कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला. मला रडूच फुटलं.

"हे टीबीचं पाणी," डॉक्टर म्हणाला. "नुसतं काढून भागत नाही, परत साचतं. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत."

"हाव. झरा जिता हाय तवर उपसलेली हीर भरणारच," अप्पा म्हणाले. बरोबरीच्या पाणाड्याशी बोलावं तसे.

तरी अंगात जोर आल्यावर टाळाटाळ सुरू झालीच. माय रोज समोर उभी राहून "आ करा" म्हणायची.

महिने गेले. शेवटी डॉक्टरनं पुन्हा पाठ वाजवली, नवा फोटो उजेडात धरला.

"पाणी नाही."

हेच दोन शब्द अप्पांनी दुष्काळभर गावोगाव मान खाली घालून सांगितले होते. आता त्यांनी डॉक्टरचे दोन्ही हात धरले. "पुन्ना म्हणा."

बाहेर येताच मायनं पिशवीतला नारळ पायरीवर फोडला. अप्पांचा धंदाच होता तो! मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. अप्पांनी हात पुढं केला.

"खोबरं दे की," म्हणाले.