दुसऱ्या बाजूची चार गाणी

आमगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवानंद बिसेनचं दुकान आहे. आता तिथे झेरॉक्स निघते, मोबाइलची कव्हरं मिळतात. तीस वर्षांपूर्वी ते कॅसेटचं दुकान होतं आणि दर रविवारी दुपारी तिथे एकच वाद रंगायचा. कोणत्या गायकाचा, कोणत्या बँडचा पहिला अल्बम सगळ्यात भारी?

वाद घालणारे दोघेच. एक देवानंद. दुसरा गुलशन उईके, सालेकसाकडच्या जंगलपट्टीतला, रेल्वेत गँगमन. हावडा लाइनवरचा एक ओळखीचा गार्ड कलकत्त्याहून इंग्रजी कॅसेटी आणून द्यायचा. दोघांनाही इंग्रजी अर्धंमुर्धंच कळायचं, पण त्याने काही अडायचं नाही. अख्खी रेकॉर्ड जवळजवळ एका दिवसात गाऊन मोकळी झालेली ती चार इंग्रज पोरं देवानंदच्या मते पहिल्या नंबरवर. गुलशन मात्र स्टेजवर गिटार पेटवून देणाऱ्या माणसाच्या बाजूचा. त्यात हिंदी पॉपवाल्यांचा विषय निघाला की दिवेलागण व्हायची.

“पहिल्या अल्बमपर्यंत माणसाले कोणी ओरखत नाई गा,” देवानंद म्हणायचा. “म्हणून तो खोटं गात नाई.”

“सारेच खरं गातेत का?” गुलशन विचारायचा. “काही तं दुसऱ्याचं उसनं गाऊन रायतेत.”

देवानंदच्या कानावर गुलशनचा फार विश्वास होता. चांगलं कोणतं आणि नुसतंच गोड कोणतं, हे देवानंदला पहिल्या दोन ओळींत कळतं, असं तो लोकांना सांगत फिरायचा.

गुलशन स्वतःही गायचा. मंडईच्या जत्रेत, लग्नात नाही. रुळाच्या कडेला, क्वार्टरच्या ओट्यावर, एकटाच. गाणी त्याची स्वतःची, झाडीबोलीतली, आणि हातात सेकंडहँड गिटार. लग्न झालं त्या वर्षी तो नागपूरला जाऊन आठ गाणी रेकॉर्ड करून आला. चार एका बाजूला, चार दुसऱ्या. ती एकुलती एक कॅसेट त्याने देवानंदच्या हातात दिली. देवानंदजवळ कॉपी काढायची मशीन होती, गोंदियापासून बालाघाटपर्यंतचे दुकानदार ओळखीचे होते.

“तू आयक पयले,” गुलशन म्हणाला. “मंग सांग.”

देवानंदने शटर अर्धं ओढून पहिली बाजू लावली. पहिल्याच गाण्यात त्याच्या लक्षात आलं की हे चांगलं आहे. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याचा जीव कासावीस झाला. तरुणपणी तोही ऑर्केस्ट्रात गायचा, आणि लोक जेवणाच्या पंगतीत बसायला उठून जायचे. चौथं गाणं संपलं तेव्हा त्याने मशीन बंद केली. कॅसेट उलटवली नाही.

पुढच्या रविवारी त्याने मत दिलं.

“कच्ची आहे अजून. घाई कायले करतेस? एक साल थांब.”

गुलशनने मान हलवली. कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर तो भांडला असता. देवानंदशी या बाबतीत भांडला नाही.

एका सालाची तीन सालं झाली. कॅसेट ओल धरणाऱ्या भिंतीजवळच्या कपाटात पडून राहिली, तिला बुरशी लागली. देवानंदने कधीतरी मशीनमध्ये घातली तेव्हा फीत गुंडाळली जाऊन तुटली. नागपूरचा स्टुडिओ तोवर बंद झाला होता.

“खराब झाली,” त्याने सांगितलं.

“जाऊ दे,” गुलशन म्हणाला आणि चहा सांगितला. त्यानंतर त्याने गिटार कुणाला तरी देऊन टाकली. वाद मात्र चालू राहिला, पंचवीस वर्षं, दर रविवारी.

गेल्या वर्षी गुलशनच्या घशाला कॅन्सर निघाला. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याने सोडला होता, पण उशीर झाला होता. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. घरी आल्यावर त्याच्या मुलीने, खुशीने, त्याला पाटी आणून दिली. देवानंद रविवारी त्याच्या घरी जाऊ लागला. तो बोलायचा, गुलशन लिहायचा.

अशाच एका दुपारी गुलशनने लिहिलं, “माझी कॅसेट निघाली असती तं कितव्या नंबरवर?”

“पयल्या,” देवानंद लगेच म्हणाला.

गुलशनने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत देवानंदने कुणालाही पहिला नंबर भांडल्याशिवाय दिला नव्हता. गुलशनने पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तो आठवडा देवानंदचा वाईट गेला. जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसला. रविवारी तो गेला आणि खाटेशेजारी जमिनीवर बसला.

“गुलशन, मी खोटं बोललो गा. नंबर मले मालूम नाई. मी एकच बाजू आयकली होती. चांगली होती, म्हणून पुढं आयकवलं नाई. जळलो मी. कच्ची नोती ते.”

गुलशनने पाटी ओढली, हळूहळू लिहिलं आणि देवानंदपुढे धरली.

“दुसरी बाजू जास्त चांगली होती.”

त्यात राग आहे की माफी, हे देवानंदला अक्षरांवरून कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. खाटेवरून उठताना गुलशनने त्याच्या खांद्याला धरलं, पण ते आधारासाठीही असेल. त्याला मोरीपर्यंत जायचं होतं.

बारा दिवसांनी गुलशन गेला.

महिनाभराने खुशी दुकानात आली. हातात मोबाइल होता.

“काकाजी, बाबाची गाणी तुम्ही आयकली होती ना? मी कधी आयकलीच नाई. आठवतील तेवढी म्हणा, मी रेकॉर्ड करते.”

देवानंदने झेरॉक्सची मशीन बंद केली. गायला लागला तेव्हा सूर जागेवर लागत नव्हता. पहिली तीन गाणी, एकदाच ऐकून आयुष्यभर डोक्यात राहिलेली, त्याने पुरी म्हटली. चौथ्याचा मुखडा आला, अंतरा अर्धाच आला. खुशी मोबाइल धरून उभी राहिली.

“अन् बाकीची?” तिने विचारलं.

त्या चार गाण्यांची नावंसुद्धा त्याला सांगता आली नाहीत.